मानेवरची वाफ

तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, उजवा हात. वाफेच्या इस्त्रीच्या गादीवर पालथा पडलेला, बोटं पसरलेली, आणि वरून प्रेसचं तापलेलं झाकण खाली येतंय. मी हे प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. खरं म्हणजे हात भाजलाच नाही, कामाच्या डगल्याची नुसती बाही करपली. पण डोळे मिटले की झाकण खाली येतं, आणि ताईचं हाताकडे लक्षच नसतं. ती मान वळवून पाठीमागे बघत असते आणि हसत असते. झाकणापेक्षा मला त्या हसण्याची भीती वाटते.

माझी लेक कॉलेजसाठी ताईकडे राहते. ताईचं शहर आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. बाहीचं मला लेकीनेच आज संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"कशी करपली म्हणे?"

"विचारलं तर म्हणाली, उंदराने खाल्ली. आई, उंदराने खाल्लं की कडा काळी होते का गं?"

मला हसू आलं. तिला नाही आलं. संध्याकाळी ती लॉन्ड्रीच्या फाटकाशी गेली होती, तिथे घडीवाली भेटली. घडीवाली म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी बाई, ताईची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "तुझी मावशी झाकणाच्या पेडलवर पाय ठेवून मागे बघत उभी होती. मी बोंबलले म्हणून हात वाचला."

"आणि आई," लेक हळूच म्हणाली, "मागे कुणी नव्हतं."

मागे कोण होतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच झोप लागत नाही. पण हे समजायला ताई समजली पाहिजे, म्हणून जरा मागून सांगते.

ताईचं पुस्तकात कधी डोकं नव्हतं. सुरकुती दिसली की मात्र तिचे हात शिवशिवायचे. पाहुणे आले की त्यांना पाणी देता देता कॉलर नीट करायची. एकदा माझ्या मुख्याध्यापिकेच्या पदराची चुणी तिने भर वर्गाबाहेर चापून सरळ केली आणि वर "आता कसं दिसतंय बघा" म्हणाली. अशी मुलगी लॉन्ड्रीत लागली यात नवल नव्हतं. मोठी लॉन्ड्री. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट. लांबलचक खोली, छताखालून गेलेले जाड पाइप, आणि एका रांगेत उभ्या बायका. सगळ्यांचे चेहरे वाफेने कायम धुतल्यासारखे.

तिथेच भावोजी भेटले. ते बॉयलरवाले. रोज सकाळी प्रेसच्या रांगेला वाफ सोडायची ती त्यांनी. वाफ एकदम आली की थंड पाइप थरथरतात आणि कुठल्या तरी सांध्यातून फुरकन गरम फवारा उडतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याआधी ते पान्याने पाइपवर दोनदा ठोकायचे. टण टण. तो आवाज ऐकला की साऱ्या बायका हात गादीवरून उचलून एक पाऊल मागे सरकायच्या. मग वाफ यायची. हा कुणी लिहून लावलेला नियम नव्हता. त्यांची सवय होती, आणि तिच्यावर तिथे सगळ्यांचा भरवसा होता.

लग्न झाल्यावर दुपारच्या सुट्टीनंतर ते ताईच्या मागून जायचे आणि जाता जाता तिच्या मानेवर फुंकर मारायचे. ती खोटं खोटं ओरडायची, "अहो, लाज!" घडीवाली म्हणायची, "बॉयलर कुठला आणि वाफ कुठे सोडतोय बघा!" साऱ्या रांगेला तेवढीच करमणूक. मूलबाळ झालं नाही. त्याचं दोघांनी कधी रडगाणं गायलं नाही. माझी लेक झाली तेव्हा दोघं येऊन तिला असं बघत बसले की सासूबाई म्हणाल्या, "अहो, श्वास तरी घेऊ द्या पोरीला." ठकू हे तिचं लाडाचं नाव भावोजींनीच ठेवलं.

ते गेले तेही झोपेत. ताईच्या शेजारी. सकाळी तिने त्यांना उठवायला हात लावला, तेव्हा अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्रीच केव्हातरी हृदय थांबलं. दिवसकार्याला आलेल्या एकेकाला ताई एकच वाक्य सांगत होती, "मी झोपले होते." लोक म्हणायचे, "अगं, त्यांना काही त्रास झाला नाही, सुटले." ती मान डोलवायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायची, "मी झोपले होते."

त्यानंतर लॉन्ड्रीत नवा बॉयलरवाला आला. तो पाना वापरत नाही. त्याने बटणाची घंटी बसवून घेतली.

दोनेक वर्षांनी ताईची पाळी पुढे-मागे होऊ लागली आणि मग बंदच झाली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं लक्ष पाइपकडे होतं. प्रेसवर उभी असताना मानेच्या मागे एकदम गरम वाफ लागायची, कानापर्यंत चढायची, घामाने डगला भिजायचा, आणि पाचेक मिनिटांत अंगात हुडहुडी भरायची. आपल्या डोक्यावरचा सांधा गळतोय अशी तिने तक्रार केली. मेकॅनिक आला, शिडी लावून बघून गेला. आठवड्याने पुन्हा तक्रार. पुन्हा शिडी. तिसऱ्यांदा तो खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, पाइप ठणठणीत आहे. गळती असलीच तर तुमच्यात आहे."

"माझ्यातली गळती काढायला तुझा पाना पुरायचा नाही," ताई म्हणाली. बायका हसून हसून लोळल्या.

घडीवालीने मग तिला बाजूला घेतलं. "अगं येडे, ही पाइपची वाफ नाही, वयाची आहे. माझी पण येऊन गेली. तुझं मेलीचं लॉन्ड्रीत निभावलं. मी तर भर लग्नात नवरीपुढचा पंखा माझ्याकडे ओढून घेतला होता."

ताईने हे मला फोनवर हसतच सांगितलं. मग थांबली आणि म्हणाली, "पण लॉन्ड्रीतली वाफ घरी कशी येते गं? रात्री?"

रात्री तिला दचकून जाग यायची. छातीत दोन ठोके जोरात पडायचे आणि मग मानेवर गरम. त्यानंतर झोपेचं नाव नको. पहाटेपर्यंत नको नको ते विचार. गॅस चालू राहिला असेल. कडी नीट लागली नसेल. खालच्या म्हातारीला काही झालं असेल. उठून सगळं बघून यायचं, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं. मी रजा टाकून गेले आणि तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, छातीत ठोके पडतात म्हणून ईसीजी काढला. सगळं ठीक निघालं. म्हणाल्या, या वयात असं होतं. घाबरायचं कारण नाही, पण सोसत बसायचंही कारण नाही. दुपारनंतर चहा बंद. सकाळी उजेडात चालायचं. रात्री खिडकी उघडी, अंगावर सुती, हलकं. वाफ आली की श्वास हळू घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा. झोप नाही आली तर तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. सकाळी उठायची वेळ मात्र मोडायची नाही. एवढ्याने भागलं नाही तर परत या, औषधंही आहेत, आणि मनातलं बोलायला माणसंही आहेत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघ, हृदय एकदम ठणठणीत आहे."

ताई रस्त्यातच थांबली. "म्हणजे तो आवाज माझ्या छातीतला नाही तर."

तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतेय.

त्याच सुमाराला लेकीला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती ताईकडे राहायला गेली. माझा जीव दोन्हीकडे निवांत झाला. लेक सकाळी तिला ओढून चालायला न्यायची. संध्याकाळचा चहा तिनेच बंद पाडला. ताई फोनवर कुरकुरायची, "तुझी ठकू म्हणजे जेलर आहे जेलर. चहाची बरणी कुठे लपवलीय देव जाणे." पण आवाज खुशीत असायचा. बिछान्यावर ती धुतलेली पातळ चादर घालायची, खिडकी उघडी ठेवायची. वाफा कमी झाल्या. एक दिवस लेक म्हणाली, "आई, मावशी आज सलग झोपली. मी दोनदा जाऊन बघितलं, श्वास चालू आहे ना!" मी तिला दटावलं, असं बोलू नये म्हणून. पण मलाही बरं वाटलं.

आणि मग ताईचं बिनसलं.

लेकीचे फोन बदलले. मावशी आता चालायला येत नाही. मावशी रात्री खिडकी लावून घेते. मावशीने चहाची बरणी शोधून काढली. मग एकदा अगदी दबक्या आवाजात, "आई, मावशी रात्री बोलते. फोन तिच्या हातात नसतो."

"झोपेत बडबडत असेल."

"जागी असते. दाराच्या फटीतून दिवा दिसतो. ती म्हणते, 'आज उशीर केलात.'"

मी आई आहे. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो लेकीचा. वीस वर्षांची पोरगी, परक्या शहरात, आणि भिंतीपलीकडे कुणी तरी कुणाशी तरी बोलतंय. मी तिच्यासाठी कॉलेजच्या वसतिगृहात जागा विचारली. आणि मागच्या महिन्यात स्वतः जाऊन ताईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी खाली गादी टाकून झोपले.

झोपले म्हणजे पडले. दिवा मालवल्यावर थोड्या वेळाने ताई उठली. उशाचा छोटा दिवा लावला. खिडकी लावली. कडी बसलीय ना ते बघितलं. स्वयंपाकघरातून वाफाळता चहा आणला आणि घोट घोट पिऊन संपवला. मग कपाटातून जाड रजई काढली, गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीला पाठ न टेकता बसून राहिली. पाठ मोकळी ठेवून. बाहेर उकाड्याने पान हलत नव्हतं.

"ताई, काय चाललंय हे? भाजून निघशील."

"जागी आहेस होय? झोप तू."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं ना. केलं ना मी सगळं. लागली ना झोप." ती भिंतीकडेच बघत होती. "झोप लागली आणि हे यायचे बंद झाले."

मी गादीवर उठून बसले. मग तिनेच सांगितलं, हिशेब समजावावा तसं. आधी टण टण होतं. इथे, आत. म्हणजे व्हॉल्व्ह उघडतायत. मग मानेवर वाफ. हे दुसऱ्या कुणाचं काम असेल सांग. डॉक्टरणीने मशीन लावून बघितलं, माझ्या छातीत खोट नाही. मग ठोकतंय कोण?

"ताई, अगं..."

"थंडगार चादरीवर झोपले मी. तुम्ही सांगितलंत म्हणून. आणि पहाटे कूस बदलली तर हात त्यांच्या बाजूच्या उशीवर पडला." ती थांबली. "गार होती गं उशी. तेव्हासारखीच गार. आणि मी पुन्हा झोपलेलीच."

बराच वेळ गेला. मग तिचा श्वास एकदम अडला, दोन्ही हात रजईवरून वर उचलले गेले, प्रेसवरून उचलतात तसे, आणि कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. घाम कपाळावरून गळ्यात उतरला. तिने मान किंचित मागे वळवली. तो चेहरा मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. खोलीत आम्ही दोघीच होतो हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी तिच्या पाठीमागे बघायचं टाळलं.

घरी परत आले आणि कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याला काय सांगणार? "तुझ्या बहिणीला मानसोपचाराला ने" म्हणेल, आणि ते चूकही नसेल. पण झोपेच्या बदल्यात तिला जे मिळतंय ते मी पाहिलं होतं. ते काढून घ्यायचं, तर त्या जागी मी काय ठेवणार?

आता बाही करपली. ती रात्रभर जागते, दिवसा प्रेससमोर उभी राहते, आणि टण टण आता दिवसाही व्हायला लागलंय. पूर्वी टण टण म्हणजे हात मागे घ्या. आता ती मागे बघते आणि हात तिथेच विसरते. पुढच्या वेळी घडीवाली चहाला गेलेली असेल तर?

वसतिगृहाच्या बाईंना उद्या कळवायचंय, जागा हवी की नको. संध्याकाळी लेकीला म्हटलं, "सामान बांध. तू तिथे राहू नकोस."

"आणि मावशी?"

"मावशीचं मी बघते."

"काय बघणार? तू तिथे, ती इथे." मग ती रागावून म्हणाली, "मला भीती वाटते गं. पण मी गेले तर त्या घरात श्वास चालू आहे का बघायला कोण राहील?"

मी तेव्हापासून या टेबलाशी बसले आहे. नवऱ्याचं घोरणं भिंतीतून येतंय. लॉन्ड्रीच्या मुकादमाला फोन करून ताईला प्रेसवरून काढायला सांगावं असंही मनात आलं. तो काढेल. पण तिला कळलं की मी पाठीमागून हे केलं, तर मग माझ्यासाठीही तिचं दार बंद. खिडकी तर बंद आहेच.

एक गोष्ट ताईला माहीत नाही. गेले काही महिने मलाही जाग येते. छातीत दोन ठोके, आणि मग मानेच्या मागून गरम. अगदी तिने सांगितलं तस्संच, तोच क्रम. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, माझी पाळी अजून पुढे-मागे का होईना येते. मी संध्याकाळचा चहा सोडला, खिडकी उघडी टाकते, श्वास मोजून सोडते. बऱ्याच रात्री जमतं. काही रात्री जमत नाही, त्यांपैकी ही एक. पण माझ्या शेजारी माणूस जिवंत आहे, चांगला घोरतोय. मग माझ्याकडे कोण येतं?

हेच तिला सांगायचं धाडस होत नव्हतं. कारण हे सांगणं म्हणजे तिच्या हातातून भावोजींना पुन्हा एकदा ओढून घेणं. माझ्या तोंडून. आणि दुसरंही खरं सांगते. त्या रात्री तिचा चेहरा पाहिल्यापासून माझी वाफ आली की मी पटकन मागे बघत नाही.

आत्ताही नाही बघितलं. हे लिहिता लिहिता ठोके पडले, दोन, आणि माझे हात आपोआप टेबलावरून उचलले गेले. कान तापले. श्वास सोडत राहिले. ओसरलं तेव्हा वळून पाहिलं. मागे फ्रीज होता. त्यावर लेकीचा लहानपणीचा फोटो, ताईच्या मांडीवरचा. फोटोच्या कडेला भावोजींचा खांदा तेवढा आलाय.

एवढ्या रात्री फोन वाजला की कुणाचंही काळीज तोंडाशी येतं. ताईचं येणार नाही. ती जागी आहे, रजई घेऊन, पाठ मोकळी सोडून बसलेली. वसतिगृहाचं मी काही बोलणार नाही, ते सकाळी लेकीला विचारून ठरवेन. आधी ताईला माझ्या मानेबद्दल सांगेन. ती चिडेल. "तुझा नवरा शेजारी आहे, तुला काय कळतंय," म्हणेल. फोन आपटेलही. मग मी पुन्हा लावेन. उद्यापासून काही दिवस प्रेस सोडून घडीच्या टेबलाशी उभी राहा, तेवढं माझ्यासाठी कर, असं म्हणेन. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊ, या वेळी चहा-खिडकीचं नाही, दुसरंच सांगायला जाऊ, असंही म्हणेन. आणि मग, तिने ऐकलं तर, जे आजवर आम्ही कुणीच विचारलं नाही ते विचारेन. ती "मी झोपले होते" म्हणायची आणि आम्ही घाईघाईने दुसरंच काही बोलायचो. झोपण्याआधीचं सांग, ताई. काय बोलणं झालं तुमचं? दिवा कुणी मालवला?

नंबर पाठ आहे. लावते.